मिरचीनं जळलेले निवडुंग

चैत्र संपता संपता आमच्या घरमालकांचे निवडुंग गच्चीवर आले आणि माझ्या डोक्याला जो ताप सुरू झाला तो उन्हाळा सरला तरी उतरला नाही. गोष्ट सत्तरीच्या दशकाच्या शेवटची. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. नागपूरला लकडगंजाच्या मागच्या अंगाला एका दुमजली घरात वरच्या दोन खोल्या आम्ही भाड्याने घेतल्या होत्या. मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची, नवरा सरकारी कचेरीत. खाली घरमालक काका, काकू आणि त्यांचा नोकरीला लागलेला मुलगा. काकांचा पूर्वी लाकडाचा टाल होता. तो विकून ते घरी बसले होते आणि सगळा जीव त्यांनी त्या चार निवडुंगांत ओतला होता.

हे निवडुंग म्हणजे शेताच्या बांधावरचे फड्याचे नव्हेत. काका त्यांना 'कॅक्टस' म्हणत, तेही अशा आवाजात की जणू मोठे पाहुणे उतरलेत. खांबासारखे सरळ वर गेलेले, माझ्या खांद्याच्याही वर. अंगावर उभ्या धारा, धारांवर काट्यांचे झुपके, आणि सालीवर जांभळाच्या फळावर असते तशी निळसर झाक. ती झाक पुसली जाईल म्हणून काका कोणाला बोटही लावू देत नसत. वर्षानुवर्षं ते खालच्या व्हरांड्यात होते. व्हरांडा पूर्वेचा, समोर कडुनिंब. सकाळचं कोवळं ऊन काय पडेल तेवढंच.

मग मुलाच्या स्कूटरचा नंबर लागला. त्या काळी पैसे भरून वर्षानुवर्षं वाट पाहिल्यावर स्कूटर मिळायची, तेव्हा घरात लग्नासारखा आनंद. पेढे वर आमच्याकडेही आले. स्कूटर लावायला जागा मात्र व्हरांड्यातच होती, आणि पहिल्याच आठवड्यात मुलाची नवी पँट काट्यात अडकून फाटली. तो नुसता फाटलेल्या पँटकडे पाहत उभा राहिला. दुसऱ्या दिवशी काकांनी जाहीर केलं, "कॅक्टस वर नेतो गच्चीवर. वाळवंटातलं झाड आहे, त्याले ऊनच पाहिजे. इथं सावलीत घुसमटून राहिलं बिचारं."

कुंड्या वर चढवायला माझा नवरा, काकांचा मुलगा आणि टालावरचे दोन जुने गडी लागले. झाडांना बारदाना गुंडाळला होता, तरी माझ्या नवऱ्याच्या तळहातातले काटे मला चिमट्याने काढावे लागले. काका जिन्याच्या तोंडाशी उभे राहून ओरडत होते, "हळू गा! हात लावू नका सालीले!" कुंड्या गच्चीवर पश्चिमेच्या कठड्याजवळ, मध्ये जाण्यायेण्यापुरती जागा सोडून, ओळीने ठेवल्या. त्यातली एक कोपऱ्यात, सिमेंटच्या पाण्याच्या टाकीला अगदी लागून. काकांनी त्यांच्याकडे एकवार पाहिलं, पण चेहरा काही फारसा खुललेला दिसला नाही.

त्याच आठवड्यात माझे वडील भिवापूरहून मिरचीचं पोतं घेऊन आले. आमचं शेत त्या भागातलं, आणि लेकीनं शहरात राहून बाजारची मिरची खावी हे वडिलांना अपमानाचं वाटायचं. वर्षाचं तिखट करायचं म्हणजे मिरच्या चांगल्या कडक वाळायला हव्यात. मी गच्चीवर जुनी चादर अंथरली आणि मिरच्या पसरल्या. कॅक्टस आणि कठडा यांच्या मधल्या पट्ट्यात. दुसरीकडे काकूंचे सांडगे आणि कुरोड्या वाळत होत्या, त्यामुळे मला तेवढीच जागा उरली होती.

काही दिवसांनी शाळेतून येऊन मी मिरच्या खालीवर करायला गेले, तर काका एका झाडासमोर उकिडवे बसलेले. डोक्याला दुपट्टा, हातात जाड भिंगाचा चष्मा.

"या जी, मास्तरीणबाई. पाहा काय झालं ते."

मी पाहिलं. झाडाच्या पश्चिमेच्या बाजूचा निळसर रंग गेला होता. तिथली साल फिकी, पिवळट पडली होती, उकडलेल्या भाजीवर येते तशी. चारही झाडांची तीच गत. पूर्वेची बाजू मात्र जशीच्या तशी हिरवी.

"ऊन लागलं काका," मी म्हणाले.

"कॅक्टसले ऊन?" काका माझ्याकडे असे बघू लागले जणू मी माशाला पाणी लागलं असं म्हणाले होते. "ऊन नाही लागलं. तुमच्या मिरच्याईची धग लागली. पाहा ना, ज्या बाजूले मिरच्या, त्याच बाजूनं साल गेली."

मला आधी वाटलं ते गंमत करताहेत. पण नाही. काका पूर्ण गंभीर होते.

"काका, मिरचीची धग माणसाच्या डोळ्याले लागते. झाडाले डोळे आहेत का?"

"डोळ्याले लागते तं सालीले काहून नाही लागनार?"

मी खाली येऊन नवऱ्याला सांगितलं. तो पेपर वाचत होता. त्याला इतकं हसू आलं की पेपर गळून पडला. मी म्हणाले, तुम्ही जाऊन त्यांच्याशी बोला. तो म्हणाला, "जाऊ दे ना वं. म्हातारा माणूस आहे. मिरच्या दुसरीकडे घाल." दुसरीकडे म्हणजे कुठे, हे त्याने सांगितलं नाही. दुसरीकडे म्हणजे आमचीच झोपायची खोली, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. काकांनी मिरच्या गच्चीवर घालायला सरळ मनाई केली. मी खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात त्या पसरायची, पट्टा सरकला की चादर सरकवायची, आणि आम्ही दोघं घरात असू तेवढा वेळ शिंकायचो. मिरची खोलीत आणि सांडगे मोकळ्या हवेत! सांडग्यांची कोणाला धग लागत नव्हती ना.

मिरच्या हलवल्या तरी झाडं सुधारली नाहीत. पिवळट भाग पांढरा पडला, कागदासारखा कोरडा झाला, आणि मग त्यावर खपली धरून तो तपकिरी होऊ लागला. काका रोज दुपारी वर जात. एकदा त्यांनी खपल्यांना हळद लावली, एकदा तेल. तेल लावल्यावर तर ती बाजू आणखीच भाजली. मी जिन्यातून ये-जा करताना ते मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने काकूंना सांगायचे, "एवढ्या वर्षाची झाडं. तिखटानं खाल्ली."

एका रविवारी माझी सहनशक्ती संपली. गच्चीवर मी कपडे वाळत घालत होते, आणि टाकीजवळच्या झाडाकडे माझं लक्ष गेलं. टाकीच्या उंचीपर्यंत ते झाड पश्चिमेकडूनही हिरवंगार होतं. टाकीच्या वर निघालेला भाग तेवढा जळलेला. मध्ये इतकी सरळ रेघ होती की कोणी फूटपट्टी लावून आखली असावी. म्हणजे दुपारचं ऊन टाकीने जिथवर अडवलं तिथवर साल वाचली होती. मी तशीच ओल्या हातांनी खाली गेले आणि काकांना वर घेऊन आले. वर्गात मुलींना समजावते तसं समजावलं. ऊन कुठून येतं, टाकीची सावली कुठे पडते, साल कुठे वाचली. हेही सांगितलं की झाड वाळवंटातलं असलं तरी हे झाड व्हरांड्यात वाढलंय. आयुष्यभर सावलीत बसलेल्या माणसाला एकदम वैशाखात नांगराला जुंपलं तर त्याचीही पाठ सोलेल.

काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. रेघेवरून लांबूनच बोट फिरवलं. मला वाटलं, जिंकले.

"टाकीच्या आड मिरचीची धग नाही आली," ते म्हणाले. "वरतून गेली. धग वर उठते ना जी? तुमी तं सायन्स शिकवता."

मी कपडे तसेच बादलीत टाकून खाली आले. त्या दिवशी माझ्या नवऱ्याने हसू नये म्हणून मी त्याला आधीच बजावलं होतं. तो हसला नाही, पण स्वयंपाकघरात पाणी प्यायला म्हणून गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

पुढे मिरच्या कांडून झाल्या, तिखट बरणीत गेलं. गच्चीवर आता मिरचीचा देठसुद्धा नव्हता. तेव्हा काकांनी एक नवा उद्योग केला. जळलेल्या बाजूला आराम मिळावा म्हणून त्यांनी चारही कुंड्या फिरवल्या. हिरवी, कोवळी बाजू पश्चिमेला आणली. मी कचेरीच्या वेळेला निघालेल्या नवऱ्याला जिन्यात थांबवून म्हणाले, "आता तुम्ही तरी सांगा, ती बाजूही जाईल." तो म्हणाला, "मी सांगितलं तर मला पुन्हा कुंड्या उचलाव्या लागतील."

मे संपता संपता नवतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यांत कडक नऊ दिवस. नागपूरचा नवतपा म्हणजे सकाळी आठला चटके, दुपारी रस्ते ओस, कूलरच्या वाळ्याच्या ताट्या ओल्या करता करता हात दुखतात आणि तरी खोली थंड होत नाही. त्या उन्हात त्या झाडांची दुसरी बाजूही गेली. पहिली बाजू निदान हळूहळू फिकी झाली होती. ही दोन-तीन दुपारांतच पांढरी पडली. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. झाडांनी माझं काय केलं होतं? पण त्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे आता काकांकडे दोष द्यायला मिरची नव्हती. मी वर गेले.

"काका, आता सांगा. मिरच्या कुठं आहेत?"

काकांनी फरशीकडे पाहिलं. "स्लॅबमधी मुरलं असन तिखट," ते म्हणाले. "तापलं का वर येते."

मला रडू आलं. संतापाने रडू येतं तसलं. मी धाडधाड जिना उतरले. अंगणात काकू नळाखाली भांडी घासत होत्या. काकू म्हणजे बोलणं कमी आणि ऐकणं जास्त अशी बाई. इतक्या दिवसांत या विषयावर त्यांनी अवाक्षर काढलं नव्हतं. त्यांनी मला हाक मारली.

"काहून वं, एवढी तणतण करून राहिली?"

"काकू, काकांना इतकी साधी गोष्ट समजत कशी नाही?"

"समजत नाही असं वाटते का तुले?" त्यांनी पातेलं उपडं घातलं. "सारं समजते त्याईले. पहिल्याच दिवशी समजलं. मले म्हणाले, उन्हानं गेली माही झाडं. पण मंग उन्हात कोनं ठेवली? आन काहून ठेवली? पोराच्या गाडीपायी. पोराले कोन बोलन वं? एवढ्या वर्षानं त्याचा नंबर लागला. तुमी टाल विकला म्हणून मले नोकरी करा लागते, असं पोरगं एकदा बोललं होतं. तवापासून हे त्याले काही म्हणतच नाहीत. मंग राग कुठं काढाव? तू परकी ना. तुले बोललं तं घर मोडत नाही."

हे ऐकून माझा राग शांत व्हायला हवा होता. झाला नाही, उलट दुप्पट झाला. माणसाला खरंच कळत नसेल तर आपण समजावू तरी शकतो. ज्याला सगळं कळतं आणि तरी जो मिरची म्हणतो, त्याच्यासमोर माझ्या टाकीच्या सावलीची काय किंमत? मी त्या उन्हात उभी राहून धडा शिकवत होते, आणि काका तो आधीच शिकलेला धडा मान हलवत ऐकत होते! आणि आम्ही दोघं महिनाभर शिंकलो ते कशासाठी, तर बाप-लेकांनी एकमेकांशी बोलू नये म्हणून.

संध्याकाळी काकांचा मुलगा स्कूटर लावत होता तेव्हा मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर जाऊन उभीच राहिले. नवरा वरून खाणाखुणा करत होता, जाऊ दे, जाऊ दे. मी त्याच्याकडे पाहिलंच नाही.

"भाऊ, तुमच्या बाबांची झाडं जळून चालली आहेत. तुमच्या गाडीसाठी वर नेली म्हणून. तुम्हाला माहीत आहे का?"

तो गोंधळला. स्टँडवर लावलेली स्कूटर त्याने पुन्हा हातात धरली. "वहिनी, बाबाच म्हणाले ना, त्याईले ऊन पाहिजे म्हणून. मी कुठं म्हटलं वर न्या? मी तं गाडी भाईर कडुनिंबाखालीच लावनार होतो. व्हरांड्यातच लाव म्हणून बाबाच मागं लागले. चोरी होईन म्हणे."

म्हणजे मुलाला वाटत होतं बापाची हौस आहे, बापाला वाटत होतं मुलाची गरज आहे, आणि मधल्या मध्ये झाडांची साल आणि माझं डोकं सोलून निघत होतं. मला त्या दोघांनाही त्याच नळाखाली बसवून डोक्यावर बादली ओतावीशी वाटली.

पण मुलगा चांगला निघाला. दुसऱ्याच दिवशी तो कचेरीत उशिरा गेला. चार बांबू, जुना बारदाना आणि सुतळी घेऊन वर चढला आणि कठड्यापाशी झाडांवर मांडव घातला. बारदाना विरळ होता, त्यातून चाळलेलं ऊन खाली येई. कुंड्या खाली न्यायला आता गडी मिळत नव्हते, आणि माझा नवरा त्या दिवशी नेमका कामावर लवकर गेला होता. काका वर आले, मांडव पाहिला.

"कोनं सांगितलं हे कराले?"

"मीच केलं," मुलगा म्हणाला. "ऊन लय आहे."

माझं नाव त्याने घेतलं नाही. काकांनी एक सुतळी ओढून पाहिली. मग म्हणाले, "गाठ ढिली आहे. वारा आला का उडून जाईन." आणि स्वतः वाकून ती सुतळी पुन्हा बांधू लागले. मुलाने दुसरं टोक धरलं. मी वाळलेले कपडे काढायला वर आले होते. तशीच परत फिरले. त्या दोघांना एका जागी एवढा वेळ मी पहिल्यांदाच पाहत होते. मिरचीबद्दल काका त्यानंतर काहीच बोलले नाहीत. चुकलं, असंही म्हणाले नाहीत. बोलणं नुसतं बंद झालं, जणू तो विषय कधी निघालाच नव्हता.

पावसाळ्यात झाडांनी शेंड्याला वीतभर नवी वाढ धरली, लुसलुशीत आणि निळसर. जळलेली साल मात्र परत आली नाही. ती तशीच तपकिरी, बाभळीच्या बुंध्यासारखी खरबरीत होऊन बसली. निवडुंगाचं असंच असतं. त्याला पानं नाहीत की जुनी गळून नवी यावीत. अंगावर एकदा जे उमटलं ते अंगावरच राहतं.

हिवाळ्यात फुलांच्या प्रदर्शनात भाग घेणारे एक गृहस्थ काकांची झाडं बघायला आले. गच्चीवर मी कोवळ्या उन्हात मुलींच्या वह्या तपासत बसले होते. त्या गृहस्थांनी तपकिरी सालीकडे बोट दाखवून विचारलं, हा काय रोग आहे?

"रोग नाही जी," काका म्हणाले. "ऊन. सावलीतलं झाड एकदम वैशाखात काढलं तं साल भाजते. लोकाईले वाटते, वाळवंटातलं आहे, काय होते? हे पाहा, इथं टाकीची सावली होती तिथवर वाचलं. सरळ रेघ आहे का नाही?"

माझी लाल शाई वहीवर सांडायची राहिली.

"वा, तुमचं निरीक्षण बारीक आहे," पाहुणे म्हणाले.

"डोळे उघडे ठेवा लागतात," काका म्हणाले. मग त्यांची नजर माझ्यावर पडली. तसे ते पाहुण्यांना टाकीच्या पलीकडे काहीतरी दाखवायला घेऊन गेले. जिन्यात काकूंचा खोकला ऐकू आला. तो खोकला नव्हता हे मला चांगलं कळत होतं.

पुढच्या वर्षी नवऱ्याची बदली अमरावतीला झाली. सामान ट्रकमध्ये चढत असताना काका वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. त्यांच्या सर्वांत उंच झाडाचा तुकडा होता, शेंड्याकडचा, अजिबात डाग नसलेला. कापलेली जागा त्यांनी चांगली सुकवून आणली होती.

"घ्या, मास्तरीणबाई. सुरुवातीले सावलीत ठेवजा. हळूहळू उन्हात आणजा. एकदम नाही, समजलं?"

समजलं का म्हणे! पण त्यांचा हात तो तुकडा इतक्या अलगद धरून होता, झाक पुसली जाऊ नये म्हणून फक्त बुडाशी, की माझ्या जिभेवर आलेलं सगळं मी गिळलं आणि "हो काका" म्हणाले.

अमरावतीला मी तो तुकडा काकांनी सांगितलं तसाच लावला. खिडकीच्या आत, सावलीत. तो रुजला असता. पण माझ्या नवऱ्याला, ज्याने नागपूरचा अख्खा उन्हाळा हसण्यात घालवला होता, इथे एकदम झाडाची माया आली. मी शाळेत गेले की तो रोज सकाळी त्याला तांब्याभर पाणी घालायचा. मला हे कळलं तेव्हा तुकडा बुडापासून काळा पडून लिबलिबीत झाला होता, आणि हात लावताच आडवा झाला.

"एवढं पाणी कशाला घातलंत?" मी विचारलं.

त्याने तुकडा उचलला, कुंडीत बोट खुपसून पाहिलं, आणि अत्यंत शांतपणे म्हणाला, "इथली मातीच खराब आहे."